इंजिनाचं कपाळ

ये, अशी जवळ बस, आणि आधी बोलणी खा. अंगणात गवत गुडघ्याएवढं झालं आणि कापायचं मशीन मधेच बंद पडतं म्हणून तू त्यावर गोणपाट टाकून मोकळी झालीस? दोरी ओढून खांदा दुखवून घेतलास, पण ते कधी बंद पडतं, कशानं परत सुरू होतं, हे काही बघितलं नाहीस.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पंचवटीच्या पुढे आमचा मळा, त्यात पहिल्यांदाच द्राक्षबाग लावलेली. फवारणीला तुझ्या आजोबांनी पेट्रोलचं लहान इंजिन आणलं होतं, तुझ्या मशीनवर आहे ना, त्याच जातीचं. दसरा झाला, छाटणी झाली, कोवळी फूट आली, घड दिसायला लागले आणि नेमकं आभाळ आलं. द्राक्षाला आभाळ वाईट. केवडा पडला की पानामागे पांढरी बुरशी धरते आणि घड जळतात. औषध लगेच मारायला हवं, आणि इंजिन अडेल बैलासारखं वागायला लागलं.

सुरू व्हायचं, दोन ओळी फवारून होईतो गुरगुरायचं आणि गप्प. मग दोरी ओढा, परत ओढा. आजोबा प्लग काढून पुसायचे, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचे, झाकण लावून ओढायचे, की सुरू. त्यांना वाटायचं प्लग पुसल्यानं झालं. नवा प्लग आणला, तरी तेच. पंचवटीतला मिस्त्री म्हणाला, ठेवून जा, आठवड्यानं बघतो. आठवड्यात बागेचं काय उरणार?

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्यांचं म्हणणं नजर लागली. खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांबरोबर त्यांनी इंजिनाचीही पूजा केली होती. आता रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावायला लागल्या. आजोबा चिडून म्हणाले, कुंकवावर चाललं असतं तर पेट्रोल कशाला आणलं असतं. झालं, आत्याबाईंनी लेकाशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायच्या, पण न बोलता.

मी औषधाच्या पिंपात काठी फिरवत इंजिनाशेजारीच उभी असायची. एका सकाळी टाकी नुकतीच भरलेली, म्हणून इंजिन थांबलं तेव्हा आजोबांनी झाकण उघडलंच नाही. प्लग पुसला, ओढलं. काही नाही. ओढून ओढून हात भरून आले.

मी म्हटलं, "जरा झाकण उघडून परत लावा."

"आत्ताच भरलीय की. पेट्रोल काय पळून गेलं?"

तरी उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. लावलं, ओढलं, सुरू. मग मी झाकण नुसतं टेकवून ठेवायला सांगितलं, आणि इंजिन दुपारपर्यंत थांबलं नाही.

तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही, हवेला दुसरं भोक लागतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. झाकण हातात घेऊन पाहिलं. मधोमध टाचणीएवढं भोक, आणि त्यावर हळदकुंकवाचा खपला, अक्षतांसकट वाळून दगड झालेला.

आजोबांच्या तोंडून हे गेलं असतं तर घरात वेगळाच केवडा पडला असता. म्हणून मीच झाकण आत्याबाईंकडे नेलं आणि त्यांची गोधडी शिवायची सुई मागितली. त्यांच्यासमोर भोक मोकळं केलं. त्यांनी झाकण डोळ्याशी धरून त्यातून आभाळ बघितलं.

"म्हंजे मी त्याच्या नाकावरच कुकू लावत व्हते व्हय?"

"तुम्ही कपाळ समजून लावलंत, आत्याबाई."

"मग कपाळ कुठं हाय ते दाव. पुजल्याबिगर मी ऱ्हायची नाय."

मी टाकीची पुढची बाजू दाखवली, तिथं काही अडत नाही. त्यांनी लगेच बोट टेकवलं.

राहिलेली बाग दुसऱ्या दिवशी फवारून झाली. खालच्या कोपऱ्यात केवडा पडलाच, बाकीचे घड वाचले. पहिला पिकलेला घड आजोबांनी आत्याबाईंच्या हातात दिला, तर त्या म्हणाल्या, आधी इंजिनाला दाखव. अबोला सुटला तो असा.

तुझ्या मशीनचंही तेच असेल असं नाही. पण आता घरी गेलीस की आधी झाकण सैल करून बघ. नाहीच चाललं तर गाडीत टाक आणि इकडे घेऊन ये. ती सुई अजून माझ्याकडे आहे. फक्त द्राक्षं उतरायच्या आत ये, पहिला घड तुझ्या मशीनला दाखवायचाय.