मागच्या दाराचा माल

अख्ख्या खानदेशात दारांवर जीव टाकणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक आमच्या थोरल्या साडूंकडे बोट दाखवीन. लग्नाला गेलं की माणसं नवरी बघतात, हे कार्यालयाच्या दाराची कडी बघतात. हिवाळ्यात आम्ही मळ्यात भरीत-पुरीचा बेत करतो. मोकळ्या रानात दार कुठून आणायचं? मग हे कुंपणात जिथे वाट असेल तिथे पत्रावळ घेऊन बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला, "कोणाकडे?" असं विचारतात. धंदाही तसाच निवडला. कार्ड टेकवलं की उघडणारी दारं ते धुळ्यापासून जळगावपर्यंत बसवत फिरतात. आमच्या इमारतीत ती बसवली त्या मे महिन्यात सासरे अमळनेरहून कैऱ्यांची पिशवी घेऊन आले, तर नोंद होईपर्यंत यांनी त्यांना भर उन्हात फाटकाबाहेर उभं केलं. "जवाई, मी काय चोर शे का?" सासऱ्यांनी विचारलं. "तसं नही आबा, नियम शे," म्हणत यांनी पिशवीही तपासली आणि तपासता तपासता एक कैरी खाल्ली.

आता त्या दारांवरची कार्ड ओळखणारी जुनी यंत्रं बदलायची ठरली. सगळी एका दमात बदलणं जमणारं नव्हतं. पुढचं फाटक आधी, मागचं दार नंतर. म्हणून साडूंनी दुहेरी कार्डं आणली. ती जुन्या यंत्रालाही चालतात, नव्यालाही. घरी अहिराणी आणि इमारतीच्या समितीपुढे पुस्तकी मराठी बोलणाऱ्या साडूंना ती कार्डं आपल्याच गोतातली वाटली असावीत, इतक्या कौतुकाने ते ती वाटत होते.

जुनी कार्डं परत घ्यायला मीही त्यांच्यासोबत गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या अक्कांनी नवं कार्ड घेतलं, पण जुनं देईनात. "हाई त्यासनं कार्ड शे," एवढंच म्हणाल्या. त्यावर त्यांच्या यजमानांचा, काकांचा फोटो होता. काका गेल्या वर्षी गेले. गेलेल्या माणसाचं कार्ड लगेच बंद करायचं, हा नियम साडूंनीच केलेला, तरी हे चालूच राहिलेलं. आता हे काय बोलतात म्हणून मी धास्तावलो. साडू चष्मा पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, अक्का."

तेव्हापासून अक्का भाजी घेऊन मागच्या दाराने येतात. पुढचं फाटक जवळ पडतं, पण काकांचं कार्ड ओळखणारं जुनं यंत्र आता तेवढ्या एकाच दारावर उरलंय. फोटो यंत्राला टेकवतात, हिरवा दिवा लागला की हळूच, "चला," म्हणतात आणि आत जातात. तिथे नवं यंत्र बसलं की ते कार्ड कुठलंच दार उघडणार नाही.

बाकीच्यांची कार्डं दोन्हीकडे चालतात, त्यामुळे कुणाचं अडत नाही. समितीने मागच्या दाराचं विचारलं की साडू शुद्ध मराठीत सांगतात, "माल वाटेत आहे." आयुष्यात एकदाही तारीख न चुकवलेला हा माणूस इतक्या निर्विकार चेहऱ्याने खोटं बोलतो, की मला त्याचा अभिमान वाटतो. त्या नव्या यंत्राचं खोकं त्यांच्याच घरी माळ्यावर पडलंय. ते मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. "चहा थंडा व्हई जाई," एवढंच म्हणाले.

अक्का हल्ली दारापाशी जरा थांबून दम घेतात. कधीतरी अक्कांचं येणं थांबेल, तो माल येईल आणि साडू अगदी वेळेवर तो बसवतील, या विचाराने मला आताशा वाईट वाटतं.