कानबाईचा चुना आणि गिरणेचं पाणी

श्रावणात खान्देशात जायचं तर कानबाई देवीच्या सणाला जावं, असं मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी राहून जातं. यंदा अक्काचा फोन आला आणि कानबाई बसते त्या रविवारची वाट न बघता शनिवारी सकाळीच मी नाशकातून गाडी काढली. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. भडगावजवळ गिरणाकाठच्या एका गावात तिची पिठाची चक्की आहे. धरणातून पाणी सोडलं, नदी गल्लीत शिरली आणि चक्कीची मोटर, पट्टे, लोकांचे दळणाचे डबे, सगळं पाण्यात गेलं. चक्कीचा विमा होता. सर्व्हेयर सोमवारी येणार होता. क्लेम मंजूर झाला तर चक्की पुन्हा सुरू होणार, नाहीतर अक्का कायमची घरी बसणार, एवढा साधा हिशोब होता. कशालाही हात लावू नकोस, असं मी तिला फोनवर बजावलं होतं. ती हो म्हणाली होती, आणि अक्काचं हो मला फार चांगलं माहीत आहे.

मालेगावहून चाळीसगावमार्गे सरळ भडगाव गाठता येतं. रस्ता बरा आहे, ट्रॅक्टर सांभाळा म्हणजे झालं. पण मी मुद्दाम धुळ्याचा वळसा घेतला, कारण कॉलेजातला एक मित्र तिथे विम्याची कामं बघतो. हायवे गुळगुळीत होता, मी मात्र नव्हते. प्रत्येक टोलवर अक्काला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती. धुळ्यात पांझरा पुलाखालून गढूळ, फुगून वाहत होती. लोक पुलावर उभे राहून मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढत होते. मला तिकडे बघवेना.

मित्राने शेवभाजीच्या ताटावरच माझी शिकवणी घेतली. शेवभाजी इतकी झणझणीत होती की मी नुसती मान हलवत होते. तुमच्यापैकी कुणाचं घर-दुकान नदीकाठी असेल तर वाचून ठेवा. पॉलिसीत पूर धरलाय की नाही, हे आधी बघायचं. पाणी येऊन गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या पाण्याला लागू होत नाही. पिकाचा विमा वेगळा, त्याची खबर बहात्तर तासांत द्यावी लागते. नदीला कागदावर दोन पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळीच्या आत बांधूच नये, दोन्हींच्या मध्ये बांधायचं तर जोतं उंच घ्यावं. आणि सर्व्हेयर येईपर्यंत ओला माल फेकायचा नाही, भिंतीवरची पाण्याची खूण पुसायची नाही. मालाचे फोटो आहेत का, असं त्याने विचारलं. ते अक्काने पहिल्याच दिवशी पाठवले होते. भिंतीचा एकही नव्हता.

पुढचा रस्ता मी कसा कापला ते विचारू नका. दोन्ही बाजूंना कपाशी आडवी झालेली, बांधावर माणसं नुसती उभी. गावात पोचले तेव्हा ऊन पडलं होतं आणि अख्खी गल्ली पांढरीशुभ्र चमकत होती.

चुना! कानबाई बसायची म्हणजे घर झाडून, धुऊन, रंगवून काढायचं, ही इथली रीत. त्यात देवीच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण दळण्याआधी चक्की धुऊन स्वच्छ करतात. मोटर बंद असली तरी अक्काने चक्की धुतलीच. भाऊबंदांच्या बायका मदतीला आल्या आणि दोन हात चुन्याचे मारून मोकळ्या झाल्या. भिंतीवर पाण्याची खूण सोडा, माशी बसल्याचा डागही नव्हता. रोटाचे गहू यंदा शेजारच्या गावाहून दळून आणले होते आणि ते सांगताना अक्काचा चेहरा उतरला.

मी मात्र दारातच भडकले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अक्काने ऐकून घेतलं, हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "कानबाई मायले मी चिखलमा बसाडू का? तूच सांग."



रविवार सुंदर होता, हे कबूल करते. चौरंगावर दागिने घातलेला देवीचा नारळ, रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, बायकांची गाणी. पाहुणा म्हणून कधी जमलं तर नक्की जा, जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दर थोड्या वेळाने मी नदीकडे चक्कर मारत होते, कारण धरणातून आणखी पाणी सोडणार अशी बातमी फिरत होती. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला विसर्जनासाठी त्याच गिरणेवर नेलं. अक्काने नदीला हळदीकुंकू वाहिलं. मला तर नदीचा रागच आला होता.

दुपारी सर्व्हेयर आला. तरुण, सभ्य माणूस. मोटर पाहिली, फोटो पाहिले आणि पाणी कुठवर होतं, असं त्याने विचारलं. कुणी कमरेएवढं म्हणालं, कुणी छातीएवढं. तो पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला. मोटर उंच ओट्यावर बसवलेली, पाणी तिथवर पोचलंच नसेल तर क्लेम कसा धरायचा, अशी त्याची अडचण होती आणि ती खोटी नव्हती.

तेवढ्यात समोरच्या घरातून आबा बाहेर आले. आबांचं कुळ वेगळं, घर जुनं, मातीच्या भिंतींचं, धाब्याचं. फाल्गुनात त्यांची बायको गेली. वर्ष व्हायचं होतं म्हणून त्यांच्याकडे कानबाई बसली नव्हती. गल्लीत चुना न लागलेलं घर तेवढं एकच.

"पानी मन्हा घरमा बी तितलंच व्हतं," आबा सर्व्हेयरला म्हणाले. "मोजी ल्या."

भिंतीवर चिखलाची रेघ सरळ उमटली होती. टेपचं एक टोक आबांनीच धरलं. मग पाणी भरलेल्या नळीने ती पातळी समोर चक्कीत नेली. पाणी मोटरीच्या वर होतं. फोटो काढून झाल्यावर आबांनी शांतपणे विचारलं, "आनि मन्हा घरनं काय?" सर्व्हेयर टेप गुंडाळत राहिला.

मी घरी परतले. काही आठवड्यांनी क्लेम मंजूर झाला. कापून-छाटून, पण झाला. अक्काची चक्की सुरू आहे, नव्या उंच जोत्यावर, आणि गवंड्याने जोत्याची पातळी आबांच्या भिंतीवरच्या रेघेवरूनच घेतली. आबांच्या घराच्या विम्यासाठी मी मित्राच्या मागे हात धुऊन लागले. त्याने चार ठिकाणी विचारलं. मातीच्या भिंतींचं घर, वर नदीकाठचं, कुणी घ्यायला तयार नाही. ज्या भिंतीने माझ्या बहिणीचं नुकसान सिद्ध केलं, त्या भिंतीचा विमा कुणी उतरवत नाही, हे मला अजून पचत नाही. पाऊस लागला की पहिला फोन आता मी आबांना करते.

वर्षश्राद्ध झाल्यावर अक्का चुन्याची बादली घेऊन त्यांच्याकडे गेली होती. घर तिने आतबाहेर रंगवून दिलं, पण त्या रेघेपाशी आबांनी तिचा हात धरला.

"इतली ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पुढला सालले कोनले तरी लागी."