डमीची माघार

आमच्या गल्लीत त्याला सगळे आमदार म्हणायचे आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसायचे. मीही हसायचो. माझं सलून त्याच्या दुकानासमोरच, त्यामुळे मला हा तमाशा रोजचाच. तो दारावर लावायच्या पितळी पाट्या कोरायचा. वकील, डॉक्टर, बिल्डर, सगळ्यांची नावं त्याच्या हाताखालून गेली. त्याच्या स्वतःच्या दारावर मात्र नुसता खिळा. पद मिळू दे, मग एकदमच कोरतो, म्हणायचा.

पद म्हणजे विधान परिषद. तिथे जायला आपल्यासारख्यांची मतं लागत नाहीत, खालच्या सभागृहातल्या आमदारांची लागतात. म्हणजे पक्षाच्या साहेबांची मान हलली की काम झालं. साहेबांनी फार वर्षांपूर्वी याच्या खांद्यावर हात ठेवून, तुला एकदा परिषदेवर घ्यायचंय, असं म्हटलं होतं. त्यांनी कोपराला लावलेला तो गूळ हा बाबा जन्मभर चाटत बसला. सभेच्या सतरंज्या यानेच घालायच्या, साहेबांच्या सुनेचं सामान यानेच उचलायचं. पोरीच्या लग्नात हा साहेबांच्या गाडीची वाट बघत फाटकात उभा, आणि आत बाप कुठाय म्हणून शोधाशोध.

बदल्यात त्याला मिळालं काय, तर डमीचा मान. खऱ्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर हाताशी असावा म्हणून पक्ष आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतो, तो डमी. खऱ्याचा अर्ज टिकला की डमीने माघारीच्या शेवटच्या दिवशी जाऊन आपलं नाव काढून घ्यायचं. दर निवडणुकीला डमी हाच. एकदा सांगायच्या आधीच हा माघार घेऊन आला, तेव्हा साहेबांनी भर बैठकीत त्याची पाठ थोपटली. "याला सांगावं लागत नाही. असा माणूस पाहिजे," म्हणाले. ते वाक्य त्याने माझ्या खुर्चीत बसून इतक्यांदा ऐकवलंय की माझे कान किटले. पण तेव्हापासून त्याने कुणी सांगायची वाट बघणं सोडलं ते सोडलंच.

या खेपेला खरा उमेदवार होता एक बडा ठेकेदार. निवडणूक एकाच जागेची, समोर विरोधकांनी उभा केलेला एक गिरणीमालक. दोघांचे अर्ज टिकले, याचाही टिकला. शेवटच्या दिवशी सकाळी हा माझ्याकडे दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून निघाला. जरा दम धर, आधी साहेबांना तोंड दाखव, असं मी आपलं सहज म्हटलं. त्याने माझ्याकडे अशी कीव करून बघितलं, जसं काही मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. कचेरी उघडली तेव्हा दारात पहिला हाच. सही केली, माघार घेतली, कँटीनमध्ये चहा प्यायला.

दुपारी ठेकेदार विरोधकांच्या गाडीतून उतरला आणि त्यानेही माघार घेतली. रात्रीच फुटला होता म्हणे. पक्षात एकच बोंब उठली. मुदत संपायला अजून अवकाश होता आणि सगळे म्हणत होते, काळजी कशाला, आपला डमी आहे ना! गल्लीत माणसं धावत आली, त्याच्या बायकोला दारातच हार दाखवून गेली. त्या बाईने खरंच खिळ्यावरची धूळ पुसली, मी डोळ्यांनी पाहिलंय. साहेब स्वतः कचेरीत त्याला शोधत गेले. तो कँटीनच्या बाकावर बसला होता. उठून उभा राहिला, हात जोडले आणि पाठ थोपटून घ्यायला हसत हसत म्हणाला, "साहेब, मी सकाळीच उरकून टाकलं."

माघार घेतली की घेतली, परत फिरवता येत नाही. गिरणीमालक बिनविरोध निवडून आला.

साहेबांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसतं विचारलं, "किती घेतलेस?" आणि उत्तर न ऐकता जिना उतरले. हा मागे धावला, गाडीची काच ठोठावत राहिला. ड्रायव्हरने त्याच्या पायावरून चाक जाता जाता वाचवलं.

पुढचा महिनाभर तो शपथा घेत फिरला. बंगल्यावर गेला, फाटक उघडलं नाही. मित्रांना सांगितलं, त्यांनी डोळे मिचकावले. वर्षात फिरकला नव्हता तो जावई मिठाई घेऊन आला आणि सासऱ्याच्या पाया पडला. वाणी अदबीने बोलायला लागला. बायकोने घर पालथं घातलं, गाद्या उसवल्या, शेवटी त्याच्यासमोर बसली. म्हणाली, निदान मला तरी खरं सांगा. एक पैसा घेतला नाही, असं त्याने पोरीची शपथ घेऊन सांगितलं. आमच्या घरांची मधली भिंत एक, त्यामुळे तिचं पुढचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"म्हणजे हेसुद्धा फुकटच केलंत?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण झाकून ठेवायची.

मग गिरणीमालकाकडून ऑर्डर आली. पाटी हवी, मोठी, नावाखाली 'सदस्य, विधान परिषद'. लोक म्हणाले, बघा, हा पुरावा. त्याने ती कोरली. काम असं सुरेख केलं की काय सांगू, एकेका अक्षरात तोंड दिसावं. पाटी नेऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दाढीला आला. दुकान भरलेलं होतं. मी फेस लावता लावता नेहमीसारखं छेडलं, "काय आमदार, किती मिळाले?"

वाटलं, आता परत शपथा सुरू होणार. पण त्याने आरशातून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "भरपूर."

कुणी हसलं नाही. बाकावरचा एकजण उठून त्याच्या चपला नीट लावून ठेवायला लागला. तेव्हापासून गल्लीत त्याला आमदार म्हणताना कुणी हसत नाही. मी त्या दिवशी दाढीचे दुप्पट पैसे लावले. त्याने मुकाट्याने दिले.