अब्हाचा बुरूज आणि पाचवी सुट्टी

अण्णा आणि आई सौदीला येऊन अडीच महिने झाले, तरी अण्णांची वही कोरीच होती. या वहीपायीच आम्ही अब्हाला गेलो, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो.

माझे वडील कराडच्या शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवत होते. ते अरबस्तानात निघाले हे कळताच तिथल्या वाचनालयाने त्यांचं व्याख्यान ठरवून टाकलं. विषय, 'अरबस्तानात मी काय पाहिले'. पत्रिकाही छापून झाल्या. इकडे मी धाहरानजवळच्या एका रसायन कारखान्यात इंजिनिअर. सकाळी सहाला कंपनीची बस मला घेऊन जायची आणि संध्याकाळी पाचला पिळून काढलेल्या अवस्थेत परत आणून सोडायची. त्यामुळे अण्णांनी अडीच महिन्यांत पाहिलं ते असं: तीन मॉल, समुद्रकाठचा रस्ता आणि पुन्हा तेच तीन मॉल. "या सगळ्यात जुनं म्हणावं असं काही असेल," ते म्हणाले, "तर तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानातला पाव."

व्हिसाचे बारा दिवस उरले होते. अण्णा बोलत नसत, पण रोज सकाळी पेन्सिलीला टोक करून वही उघडत आणि थोड्या वेळाने मिटून ठेवत. मला ते बघवेना. शिवाय मला त्यांची भीतीही वाटते, हे या वयात कबूल करायला हरकत नाही. नववीत मी एका तहाचं साल एका वर्षाने चुकवलं, तर त्यांनी भर वर्गात माझा अर्धा गुण कापला होता. मुलाने बापाला भर वाचनालयात कोऱ्या वहीनिशी उभं करायचं, ही तर अख्खा पेपर नापास होण्याची गोष्ट. मग कंपनीच्या कॅम्पातल्या मेसमधल्या राजापूरच्या आचाऱ्याने तोड काढली. अब्हाला जुने किल्ले-बुरूज पुष्कळ आहेत आणि त्याचा मेहुणा तिथे गाडी चालवतो. मराठीतून सगळं दाखवेल, खासगी गाइडच समजा. बायको मुलीच्या परीक्षेसाठी घरी राहिली आणि आम्ही तिघं दम्मामहून विमानात बसलो.

अब्हा सात हजार फुटांवर आहे, हे मी अण्णांना सांगितलं होतं, पण आईला सांगायचं राहिलं. विमानातून उतरलो तर धुकं आणि बोचरा वारा. आईची शाल सामानाच्या बॅगेत तळाशी. तिने साडीवर काळा अबाया (बायकांनी बाहेर पडताना घालायचा झगा) घातला होता. अडीच महिने त्याला नावं ठेवणाऱ्या आईने तो अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "आत्ता कळलं हे कशासाठी असतं."

बाहेर मेंदीने रंगवलेल्या दाढीचा, पाठीत किंचित वाकलेला, पन्नाशीपुढचा माणूस पुठ्ठा धरून उभा होता. पुठ्ठ्यावर देवनागरीत 'कराड' लिहिलेलं. आचाऱ्याने मेहुण्याला आमचं नाव सांगितलंच नव्हतं.

"मी दाऊद," तो म्हणाला. "आमचा गाव चिपळूणच्या अलीकडं. पाटणवरनं कुंभार्ली घाट उतरलात की आमचाच हद्द. म्हणजे शेजारीच की आपण." आईला त्याने अम्मा केलं आणि अण्णांची पिशवी खांद्यावर घेतली. अण्णांनी पेन्सिल काढली.

पहिला थांबा जुना राजवाडा. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि त्यांतून ओळीने बाहेर डोकावणाऱ्या दगडी पाट्या, पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून. आत संग्रहालय होतं, पण दाराला कुलूप होतं आणि पहारेकरी कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी बाहेरूनच प्रदक्षिणा घातली.

"केव्हा बांधला?" त्यांनी विचारलं.

"मी आलो तवा होताच," दाऊदभाई म्हणाले.

"तुम्ही केव्हा आलात?"

"पैल्या सुट्टीच्या आधी दोन वर्षं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं. आखातातल्या कामगाराला दोन वर्षांनी एकदा घरी जायची सुट्टी मिळते. त्यामुळे तो वर्षं मोजत नाही, सुट्ट्या मोजतो. दाऊदभाईंच्या अकरा झाल्या होत्या. समोरचा रस्ता तिसऱ्या सुट्टीनंतर रुंद झाला, डोंगरावरची केबल कार सहावी आणि सातवी यांच्या मध्ये कधीतरी सुरू झाली आणि घरचा थोरला दुसऱ्या सुट्टीनंतर जन्मला. सनावळीवर हयात घालवलेल्या माणसाला ही कालगणना कशी मानवणार? अण्णांनी वही उघडली आणि पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली. मी वाकून पाहिलं. 'मार्गदर्शक: निरुपयोगी.' अडीच महिन्यांतली ती पहिली नोंद.

बाजारात आईचा वेळ बरा गेला. मोठाल्या गवती टोप्या घातलेल्या बायका मध, तूप आणि हिरव्या सुवासिक पानांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. आईने एक जुडी हुंगली, "हा तर मरवा," असं जाहीर केलं आणि अस्सल कराडी मराठीत घासाघीस सुरू केली. ती म्हातारी अरबीतून तेवढ्याच जोमाने भांडत होती. शेवटी दोघी हसायला लागल्या आणि जुडी आईच्या पिशवीत आली. अण्णा गाडीत बसून होते.

तिथून अर्ध्या तासावर एका खेड्यात दाऊदभाईंनी गाडी थांबवली. बाजरीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांमध्ये चार मजली दगडी बुरूज उभा होता. त्याच्या मालकाने, एका पांढऱ्या दाढीच्या हसतमुख म्हाताऱ्याने, छाती पुढे काढून सांगितलं, "तलातमिया सना" (तीनशे वर्षं). अण्णांचा चेहरा अडीच महिन्यांत प्रथमच उजळला. अखेर एक आकडा मिळाला होता.

आणि मग त्यांना ते कोनाडे दिसले. दाराच्या दोन्ही बाजूंना, छातीच्या उंचीवर, एकेक कोनाडा. वरची कमान पिंपळाच्या पानासारखी निमुळती.

अण्णा इतका वेळ पाहत राहिले की मालकाला वाटलं, भिंतीत साप निघाला.

"दिनू," ते हळूच म्हणाले, "हे आपल्याकडचे कोनाडे आहेत. या मुलखात पिंपळ आहे का? नाही. मग हे पान इथल्या कारागिराच्या हातात आलं कुठून?" पुढची वीस मिनिटं ते वर्गात होते. अरबी घोडे घेऊन गलबतं चौल-दाभोळला लागायची. परत जाताना ती काय रिकामी जात असतील? कोकणातले गवंडी त्यांवर बसून इकडे आले. तीनशे वर्षांपूर्वी. पुरावा समोर आहे, आजवर कुणाचं लक्ष गेलं नाही एवढंच. पेन्सिल वहीवर सरसर धावत होती. मालकाला एक अक्षर कळत नव्हतं, पण कौतुक चाललंय हे कळत होतं. त्याने आम्हाला सतरंजीवर बसवून गहवा (वेलदोड्याची बिनसाखरेची फिकी कॉफी) ओतायला घेतला.

तेवढ्यात दाऊदभाईंनी मला खुणेने बुरुजामागे नेलं. इतका ओशाळलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल.

"साहेब, ते कोनाडे माझे हायत."

"तुमचे म्हणजे?"

"मागची भिंत जुनी. दाराकडली पावसात बसली होती, ती अख्खी मी उभी केली. तवा मी गवंडी होतो. पुढं पाठीनं दगा दिला, मग कफीलनं (ज्याच्या नावावर आमचा परवाना असतो तो मालक) गाडी हातात दिली. दाराच्या दोन बाजूला दोन कोनाडे, हे हाताला आपोआप येतं. बापानं तसंच शिकवला. मालक बोलला, हे काय? मी बोललो, दिव्याला. त्याला आवडलं." मग म्हणाले, "सांगू का अण्णांना? चार लोकांत बोलतील, नि उद्या कोणी खोटं पाडलं तर?"

सांगितलं तर वही पुन्हा कोरी. न सांगितलं तर सगळ्या गावापुढे हसं. मी नेहमी करतो तेच केलं. "आत्ता नको," म्हणालो, "जेवणानंतर बघू."

परत आलो तर आई पाचवा पेला पीत होती. पुरे झालं की पेला हातात हलवायचा असतो, नाहीतर यजमान ओततच राहतो, हे मी तिला सांगायला हवं होतं. "कडू आहे रे," ती कुजबुजली, "पण त्यांचं मन कसं मोडायचं?"

जेवणासाठी आम्ही वरच्या डोंगरावर गेलो. आईने पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. या डोंगरात बबून जातीची मोठाली माकडं आहेत, हे दाऊदभाईंनी सांगितलं, पण ते पिशवी उघडल्यावर. पुढच्या क्षणी एक धिप्पाड नर पिशवी घेऊन कड्याच्या टोकावर बसला होता. दशम्या त्याला आवडल्या. मग त्याने मूठभर चटणी तोंडात टाकली. तो एकदम स्तब्ध झाला आणि आईकडे असा काही बघत राहिला की आम्ही गाडीत बसून काचा वर केल्या.

"तिखट जरा जास्तच झालं होतं," आई म्हणाली.

"यल्ला, माझ्या खोलीवर चला," दाऊदभाई म्हणाले. "गरिबाची खिचडी खावा."

गावाबाहेर कफीलच्या जागेच्या कोपऱ्यात दाऊदभाईंनी स्वतः सिमेंटच्या ठोकळ्यांची खोली बांधली होती. आम्ही दारापाशी पोचलो. अण्णा चपला काढायला वाकले, एक काढली आणि दुसरी तशीच पायात ठेवून सरळ झाले. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन कोनाडे होते. वर पिंपळाचं पान. एकात बॅटरी, दुसऱ्यात फणी आणि सुरम्याची बाटली.

मी तिकडे बघायचं टाळलं. दाऊदभाई कुलपाशी उगाच खटपट करत राहिले.

अण्णांनी कोनाड्याच्या कमानीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "दाऊदभाई, बुरुजाची ती भिंत केव्हा उभी केलीत?"

दाऊदभाईंनी मान खाली घातली. "पाचव्या सुट्टीच्या आधी."

"साल?"

"साल नाय सांगता यायचं, अण्णा. पण धाकटी सलमा तवाच झाली. पत्र आलं तवा मी परांचीवर होतो, त्याच भिंतीच्या. खाली उतरलोच नाय, वरच बसून वाचला. पाचव्या सुट्टीत गेलो तर ती दारात उभी. चालायला लागलेली. मला बघितली नि रडत आत पळाली." ते हसले. "तारखा सगळ्या बायकोकडं. ती सांगेल."

माझी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत चालायला शिकली आणि त्याचं मला कधी विशेष वाटलं नव्हतं. आई अबायाच्या बाहीने डोळे पुसत होती.

अण्णा दुसरी चप्पल काढून आत जाऊन बसले. खिचडी झाली, फणसाचे पापड भाजले गेले, कोकमचं सार आलं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "म्हणजे कोकणातला गवंडी इथे आला होता, हे खरं."

"खरं," मी म्हणालो.

"त्याने आपल्याकडचे कोनाडे काढले, हेही खरं. मग माझं चुकलं काय? सनावळी तेवढी चुकली."

"तीनशे वर्षांनी," आई म्हणाली.

"अर्धा गुण कापा," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना असं काही बोललो. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि ठसका लागेपर्यंत हसले.

निघताना दाऊदभाईंनी चाचरत विचारलं, "साहेब, त्या भिंतीचा फोटो काढलात काय? घरी सांगतो मी बुरूज बांधला म्हणून. पण दाखवायला काय नाय."

परतीचं विमान संध्याकाळचं होतं, तरी आम्ही पुन्हा त्या खेड्यात गेलो. अण्णांनी दाऊदभाईंना दोन कोनाड्यांच्या मधोमध उभं केलं, त्यांची टोपी सरळ केली आणि पाठ ताठ करायला लावली. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मालकाने पुन्हा गहवा आणला. आईने पेला हातात घेण्याआधीच हलवायला सुरुवात केली.

विमानात अण्णांची वही उघडी होती. पहिल्या पानावरचं 'निरुपयोगी' खोडलेलं होतं. पुढे 'बुरुजाची दर्शनी भिंत, सन' आणि रिकामी जागा. तीनशे वर्षांचा इतिहास शोधायला गेलेला माणूस बारा-चौदा वर्षांपूर्वीचा घेऊन परतत होता, आणि मला तो जास्त मोलाचा वाटला. इतक्या वर्षांत मी या देशातल्या कितीतरी भिंतींजवळून गेलो असेन. त्या कुणी उभ्या केल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं.

कराडला पोचल्यावर चौथ्या दिवशी अण्णा फोटो घेऊन एस.टी.ने कुंभार्ली उतरले. साल कळल्याशिवाय बोलणार नाही, असा हट्ट होता. दाऊदभाईंच्या बायकोने साल सांगितलं, तरी अण्णांनी सलमाच्या शाळेच्या दाखल्यावर ते पडताळून पाहिलं. व्याख्यान भरगच्च झालं. फळ्यावर त्यांनी आधी साल लिहिलं आणि खाली कंसात, 'पाचव्या सुट्टीच्या आधी'.

मी हे सगळं दाऊदभाईंना फोनवर सांगितलं. व्याख्यानाविषयी त्यांनी काहीच विचारलं नाही.

"फोटो बघून सलमा आत पळाली नाय ना?" ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "अण्णा सांगत होते, फोटो घेऊन ती दारात गेली, आणि तुमच्या घराच्या कोनाड्याशेजारी धरून बराच वेळ जुळवून बघत होती."