लाकूड नको, लाकडाचा रंग पाहिजे

मंडळी, आज दुपारी एका बिल्डर साहेबांना नऊ मजली इमारतीचं डिझाइन दाखवून आले. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे.

मी आर्किटेक्ट. खांब अन् तुळया सगळ्या लाकडाच्या धरल्या होत्या, फळ्यांचे थर चिकटवून केलेल्या जाड लाकडाच्या. आगीचं विचारतील हे माहीत होतं, म्हणून एक तुकडा तासभर जाळून, मधून कापून नेला. वरून कोळसा, आतून लाकूड जसंच्या तसं.

साहेबांनी तो हातात घेतला, बोटं टिश्यूला पुसली अन् म्हणाले, "दीदी, गाँव में लकड़ी का ही घर था. बड़ी मुश्किल से पक्का बनाया. अब आप वापस भेज रही हो?"

माझे बॉस नागपूरचे. मी साहेबांना पुन्हा समजवायला लागले, तर ते हळूच म्हणाले, "काहून वाद घालून राहिली? इथं पक्कं म्हणजे सिमेंट अन् सळई."

दहा मिनिटांत सिमेंट पास झालं. मग साहेबच म्हणाले, "पर लुक लकड़ी का चाहिए." म्हणजे बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे, त्यांच्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या. रंगांच्या नमुन्यांचं शेड कार्ड माझ्यापुढे सरकवलं. साग, शिसम, साल.

तासाभरावर सालाच्या झाडांची जंगलं आहेत आपल्याकडे. मी सालावर बोट ठेवलं. बोटाला कोळसा होता, कार्डावर डाग पडला. तो पुसलाही मीच.

मले धीर देऊ नका. नवव्या मजल्यावर लाकडाच्या घरात लेकरं घेऊन तुम्ही झोपाल का, तेवढं खरं सांगा.