अडकित्त्याने तोडलेली गोळी

ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. सांधेदुखी दोघींनाही, डॉक्टरही एकच. पण तिला स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या आणि मला नुसता शेक. महिन्याभरात ती रामटेकच्या पायऱ्या चढून आली. गाल गोल झाले. भाजीवाली म्हणाली, "चांगल्या भरल्या बाई तुम्ही!"

"सूज आहे वं ते," ती म्हणाली. मला तिच्या सुजेचाही हेवा वाटला.

एक दिवसाआड नाश्ता झाला की ती सुपारीच्या अडकित्त्याने गोळी तोडते. अर्धी घेते, अर्धी उद्यासाठी डबीत ठेवते. "डॉक्टर हळूहळू कमी करून राहिले. बाहेरून मिळालं की आंग स्वतः स्टेरॉइड बनवणं सोडते म्हणे. एकदम बंद नाही करता येत."

परवा ती चहा ठेवायला उठली आणि मी डबीतला तुकडा रुमालात बांधून घेतला. घरी आल्यावर गिळायचा धीर मात्र झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर आली. रागावली नाही, फक्त तळहात पुढे केला. "दे वं तो तुकडा. नवं पाकीट संध्याकाळी येते. मले उपास चालते, ह्याचा खाडा नाही चालत. अन् तुले काहून पाहिजे हे? झोप गेली, साखर वाढली माही."

मी रुमालाची गाठ सोडली. तिने माझ्याच घरचं पाणी घेऊन तुकडा गिळला आणि जिना उतरून गेली, कठड्याला हातही न लावता.

मी कठडा धरून बघत राहिले.