पेद्रूकाकांची दोरी

आमच्या नाट्यगृहाच्या दुरुस्ती समितीने पेद्रूकाकांना फसवलं, आणि तेही माझ्या तोंडून. काका गेले त्याला सहा आठवडे झाले. त्यांच्या मुलीचा, फिलोमिनाचा, फोन आला तेव्हा मी चांदीपला लग्नाचा मांडव उतरवत होतो. "मंडपवाले, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली.

काका पाचूबंदरचे. तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर होते. गुडघा गेल्यावर नाट्यगृहात दर्शनी पडदा ओढायला लागले, ते थेट म्हातारपणापर्यंत. नाट्यगृह दुरुस्तीला गेलं तेव्हा आगाशीजवळच्या मैदानावर पत्र्याचं तात्पुरतं थिएटर उभारायचं काम मी घेतलं आणि त्यांना बोलवायला गेलो. मी घासाघीस करूनच वर आलेला माणूस. पगार वाढवून मागतील, या तयारीने ओट्यावर बसलो.

"सा महिने बोलतोस. मंग परत जुन्या ठिकानी?"

"परत."

"तिथला पहिला पडदा मीच ओढनार. कबूल असंल तं येतो. पन तुझा शब्द नको, सायबाला विचारून ये."

मी समितीच्या अध्यक्षांना विचारलं. "अहो, त्यांच्याशिवाय कोण ओढणार?" ते हसून म्हणाले. तो निरोप मी तसाच पोचवला.

सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात एका प्रयोगात नायक मेला, पडदा मिटला, आणि खाडीकडून आलेल्या वाऱ्याने तो शिडासारखा फुगून वर गेला. मेलेला नायक उठून पाठ खाजवत बसलेला... लोक हसून लोळले. मी सगळ्यांदेखत काकांवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "वारा काय माझा जावय हाय, माझं ऐकायला?" दुसऱ्या दिवशी जुन्या जाळ्याची शिशं, म्हणजे जाळं बुडवणारी वजनं, पिशवीत घालून आले आणि सबंध दुपार बसून पडद्याच्या काठात शिवत राहिले. त्यानंतर पडदा हलला नाही. तिसरी घंटा झाली की शिशं फळ्यांवर खरखरत सरकायची आणि त्या आवाजाने पत्र्याखालची कुजबुज थांबायची. मी त्यांची माफी मागितली नाही. चहा पाठवला.

यंदा नाट्यगृह तयार होत आल्याचं कळलं म्हणून बघायला गेलो. पडद्याला मोटर बसवलेली. दोरीला जागाच नाही. वायरमन म्हणाला, "हे पहिल्या नकाशापासून असंच आहे, शेठ." म्हणजे अध्यक्ष हसून बोलले तेव्हा नकाशा त्यांच्या टेबलावर होता.

रागाने तडक काकांच्या घरी गेलो. ते खाटेवर पडून होते, दम लागत होता. मला बघून म्हणाले, "जुनी दोरी झिजली. नवीन आनून ठेवलीय. पुरंल ना रे?"  मोटरीचं न सांगता मी म्हणालो, "पुरेल." पुढे भेट झाली नाही. त्या एका शब्दाचा जाब मी स्वतःला रोज विचारतो.

मातीला अध्यक्ष मोठा हार घेऊन आले होते. दफनभूमीत भांडायचं नाही म्हणून बाजूला झालो. काकांच्या घरी परतल्यावर फिलोमिनाने खाटेखालून दोरीचं वेटोळं काढून माझ्या हातात दिलं. काकांनी दोरीच्या एका टोकाला बोटीवरची गाठ आधीच मारून ठेवलेली आहे...

अध्यक्षसाहेब, उद्घाटनाला मी ही दोरी घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. बटण दाबण्याआधी स्टेजवर या आणि सगळ्यांसमोर सांगा, ही कुठे बांधू?